बनुबाईनं फोडलेला नारळ

उंब्रजच्या पुढं, वाडीच्या फाट्यावर टेलिफोनची लोखंडी पेटी होती. चांगली कपाटाएवढी, पण मागच्या ठेकेदारानं ती नुसत्या विटांवर टेकवून दिलेली. उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागला, पेटी आडवी झाली, तारा तुटल्या आणि अख्ख्या वाडीचे फोन गप्प झाले. लोकांनी दोन शिव्या हासडल्या आणि कामाला लागले. बनुबाईचा मात्र जीव टांगणीला लागला.

तिचा जयराज पलटणीत. त्यानं सुट्टीवर आलेल्या वाडीच्याच धुळाकडं निरोप धाडला होता, की ऐतवारी सकाळी लालासाहेबांच्या दुकानात फोन करतो. मग बर्फात वर चढायचं, उन्हाळ्यापर्यंत बोलणं नाही. इकडून लावावा तर त्याला नंबरच नाही. लेकाचा आवाज कानावर पडून दोन वर्षं झाली होती. त्या आवाजासाठी बाई इतकी आसुसली होती, की जेवताना घास हातात तसाच राहायचा.

पेटी बसवायला शिराळ्याचा हंबीरराव आला. माणूस तिरसट, पण कामाला चोख. त्यानं खड्डा घेऊन काँक्रीटचा ओटा ओतला आणि पेटीच्या बुडाला भोकं होती त्या मापानं चार बोल्ट उभे रोवले. ओटा धरला की शनिवारी पेटी चढवायची, नट आवळायचे, तारा जोडायच्या, फोन चालू. तोवर बोल्टाला कुणी बोट लावायचं नाही, असं बजावून गडी गेला. ओट्यावर पाणी मारायचं काम बनुबाईनं आपणहून अंगावर घेतलं.

पण बाईला चैन कुठलं? एवढं नवं काम, आणि साधा नारळ नाही! त्याच सांजेला तिनं औंधच्या यमाईचं नाव घेतलं, ओट्याला कुंकू लावलं. आता नारळ फोडायला दगड कशाला हुडकायचा, बोल्ट समोरच होता. नारळही असला चिवट, की पहिल्या दणक्यात फुटेना. तिनं पदर खोचून हाणला. खोबरं साऱ्या आळीला वाटलं.

शनिवारी चौघांनी पेटी उचलली. तीन बोल्ट भोकांत गेले, चौथा जाईना. तो कलला होता आणि त्याच्या बुडाशी ओटा तडकला होता. हंबीररावानं कुंकू बघितलं, करवंटीचा तुकडा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"आवं, तिनांवर ऱ्हाऊ द्या की," बनुबाई हात जोडून म्हणाली. "उद्याचा एक दिस. माझ्या लेकाचा फोन हाय."

लालासाहेबांनीही शब्द टाकला. हंबीररावानं कललेला बोल्ट हलवून बघितला. मग म्हणाला, की शाळेची पोरं इथंच सावलीला बसतात; तडकलेल्या ओट्यावरची पेटी वाऱ्यानं गेली तर त्यांच्याच अंगावर जाईल. त्यानं पहार घेतली आणि ओटा फोडायला लागला. बनुबाई बघत राहिली. चूक आपलीच, मग भांडायचं तरी कुणाशी?

तरी ऐतवारी ती दुकानात जाऊन बसली. फोन मुका होता, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण घरी पाय ठरेना. उन्हं कलेपर्यंत ती तिथंच बसून होती.

पुढच्या आठवड्यात पेटी बसली. लालासाहेबांनी अंग टाकून ढकलली तरी हलेना. हंबीररावाचा राग एव्हाना निवळला होता. त्यानं तारा जोडल्या, आपला तपासणीचा फोन लावला आणि बनुबाईच्या कानाशी धरला. आत एकसुरी आवाज घुमत होता. कुणाला लावू, असं त्यानं विचारलं. लावायला तिच्याकडं कोण होतं?

"ऐतवारी माझ्या जयराजलाबी असंच ऐकू आलं असंल का?"

हंबीररावाचं ध्यान नटाकडं होतं. "न्हाई. लाइन तुटलेली असली तरी तिकडच्याला घंटी वाजतीय असंच ऐकू येतंय. वाटतं, हिकडं कुनी उचलंना." बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि पाना हातात तसाच राहिला.

बनुबाईनं फोन कानावरून काढला नाही.

"म्हंजे त्याला वाटलं असंल," ती म्हणाली, "आय आलीच न्हाई."