बायकांपुरते फोटो

लग्नघरात बुरखे उतरवून नटलेल्या बायका फोटोसाठी फक्त राहतला बोलवायच्या. ते फोटो परपुरुषाच्या नजरेला पडणार नाहीत, हा तिचा शब्द अख्ख्या सोलापुरात चालायचा. फोटो उघडलेले असले की सख्ख्या भावालाही ती स्टुडिओत फिरकू देत नसे.

वर्षभरापूर्वी विरंगुळा म्हणून तिनं फोटोंच्याच कॉम्प्युटरवर गेम टाकला. खेळातली लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरनं परवानगी मागितली. न वाचताच तिनं ‘मान्य’ दाबलं.

आज भावाचा फोन आला. “आपा, तुझ्या गेमसोबतचं ते सॉफ्टवेअर गेम बंद असला तरी स्क्रीनचे फोटो काढून कंपनीला पाठवतं.”

राहतनं कॉम्प्युटरची वायरच उपटली.

तेवढ्यात हुसेनबी पेढे घेऊन आल्या. “धाकटीचं लग्न ठरलं. मागच्या महिन्यात थोरलीचे काढलेस तसे फोटो तूच काढ, बेटी. दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाय.”

राहतनं पेढा हातातच धरला. “खाला, आधी थोरलीच्या फोटोंचं ऐकून घ्या.”