पैलवानाचं शून्य

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. डोक्यावर परात, पोटात स्प्रिंग आणि तोंडाच्या जागी गोल तबकडी, असं माझं ध्यान आहे. तबकडीवरची लाल सुई सोडली तर माझ्याजवळ मिरवण्यासारखं काही नाही. पण त्या एका सुईच्या जोरावर मी बस डेपोच्या कँटीनमध्ये सारा जन्म काढला, आणि मजेत काढला. रडगाणं ऐकायला बसला असाल, तर तुमची निराशा होईल.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथला कारागीर प्रत्येक नव्या काट्यावर मापाचं वजन ठेवायचा, सुई कुठे थांबते ते बघायचा आणि पाठीमागचा स्क्रू किंचित फिरवायचा. वजन उचलल्यावर सुई नीट शून्यावर परतली, की तबकडीवर टिचकी मारून म्हणायचा, "जा बाबा, खोटं बोलू नकोस." ती टिचकी मला अजून आठवते. लाडाची होती ती.

कारखान्यातून मी थेट कँटीनमध्ये आलो. तिथे मावशीचं राज्य होतं. ती कुणाची सख्खी मावशी होती कोण जाणे, पण ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक आणि खुद्द डेपोचे साहेब, सगळ्यांची ती मावशीच. पीठ, तांदूळ, बटाटे, सगळं आधी माझ्या डोक्यावर चढायचं आणि मग भांड्यात जायचं. अंदाजाने घाला असं कुणी म्हटलं, तर मावशी माझ्याकडे बोट दाखवायची. "हा इथे काय शोभेला ठेवलाय?" असं तिने म्हटलं, की माझी स्प्रिंग अभिमानाने ताठ व्हायची.

एकदा तर कमालच झाली. एक ड्रायव्हर आपलं तान्हं बाळ सगळ्यांना दाखवायला घेऊन आला. कुणीतरी म्हणालं, वजन तरी बघू या. मावशीने माझी परात धुऊन पुसली, वर स्वच्छ टॉवेल अंथरला आणि बाळाला ठेवलं. बाळाने असे पाय झाडले, की माझी सुई नाचायलाच लागली! शेवटी ती जिथे थांबली, ते बघून सगळं कँटीन ओरडलं, "हा तर पैलवान निघाला!" तेच नाव त्याला चिकटलं. बाप निवृत्त झाला आणि आता पैलवान बस चालवतो. अंगाने अगदी काडी आहे. पण नाव काही सुटलं नाही.

मग फोन आले. डेपोतली माणसं काय खातात, किती खातात, हे मुख्य कचेरीला हवं होतं, म्हणून प्रत्येकाच्या फोनवर एक ॲप बसवलं. जेवणाचा फोटो काढायचा, पदार्थावर बोट ठेवायचं, की पोटात काय गेलं ते फोनच सांगणार. मला कोण विचारतो? माझी रवानगी सर्वांत खालच्या फळीवर झाली आणि डोक्यावर कांद्यांची टोपली आली. त्या टोपलीचं वजन मी तिथे अखंड दाखवत होतो. बघायला मात्र कुणी वाकत नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी साहेब स्वयंपाकघरात आले. चेहरा उतरलेला होता.

"मावशी, संध्याकाळचा स्वयंपाक पहिल्या तारखेपासून बंद करावा लागेल असं दिसतंय. त्या वेळी कुणी जेवतच नाही. ॲपमध्ये सगळ्यांच्या नावापुढे शून्य आहे."

"जेवत नाही?" मावशीने डाव कंबरेवर टेकवला. "मग माझी पातेली काय भुतं चाटून ठेवतात?"

"मी काय करू? आकडे तसे आहेत. त्याऐवजी बिस्किटांचं यंत्र बसवणार आहेत. मुख्य कचेरीतून एक बाई येतायत आकडे तपासायला. त्यांनी बरोबर म्हटलं, की झालं."

दुपारपाळीचे ड्रायव्हर शेवटच्या फेरीपर्यंत बस चालवतात. मधल्या सुट्टीतलं ते गरम जेवण हाच त्यांचा आधार. ते आता जाणार होतं. मावशी त्या दिवशी कुणावर ओरडली नाही.

आकडे तपासणाऱ्या बाई आल्या, त्या चांगल्या तरुण निघाल्या. सगळे लगेच ताई म्हणायला लागले. मावशीने चहा दिला, पण कप असा आपटला की बशीत सांडला. ताईने बशीतला चहा निमूटपणे पिऊन टाकला आणि विचारलं, "मावशी, इथे वजनकाटा आहे का?"

मित्रांनो, कांद्यांची टोपली उचलली गेली! इतका उजेड मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

ताईने मला टेबलावर घेतलं, पण लगेच कामाला लावलं नाही. पिशवीतून मापाची वजनं काढून माझ्या डोक्यावर ठेवली.

"आता ह्याच्यावरही संशय का?" मावशी फणकारली.

"संशय नाही हो. ह्याच्या भरवशावर मी दुसऱ्याला चूक म्हणणार. मग आधी ह्याला नको तपासायला?"

आणि खरंच, माझी सुई जराशी पुढे होती. परातीखाली कधीचं पीठ वाळून बसलं होतं. ताईने ते खरवडलं, पुसलं, पाठीमागचा स्क्रू किंचित फिरवला आणि तबकडीवर टिचकी मारली. काय सांगू! कारागीर आठवला आणि मी पुन्हा नवा झालो.

मग आठवडाभर आम्ही दोघांनी धमाल केली. ताटं भरली की माझ्यावर यायची, रिकामी झाली की पुन्हा यायची. सकाळी फोनचा आणि माझा सूर छान जुळायचा. कुणी थोडं जास्त सांगायचा, कुणी थोडं कमी. एका कंडक्टरला अंडं समोर नको असतं, पण फोनने त्याचा सोललेला बटाटा बघून त्याला रोज अंडी खाऊ घातली होती. त्याने ते वाचलं आणि तोंड असं केलं, की मावशी आठवड्यात पहिल्यांदा हसली. पैलवान दुपारी कामाला लागण्याआधी जेवायचा, तेव्हा तर "एक वाडगा भात" एवढंच नोंदवायचा. त्याचा वाडगा तो घरून आणतो. त्या वाडग्यात एखाद्या तान्ह्या बाळाला सुखाने अंघोळ घालता येईल.

"हे चालायचंच," ताई म्हणाली. "चूक किती आहे ते कळलं, की तिला सांभाळून घेता येतं."

पण संध्याकाळी सगळंच उलटं. भरलेली पातेली माझ्यावरून जायची आणि चाटूनपुसून परत यायची. फोन मात्र म्हणायचा शून्य. ताई चक्रावली. शेवटी ती पैलवानासमोर जाऊन बसली. त्याने रस्सा-भाताचा शेवटचा घास घेतला तशी म्हणाली, "दादा, तुम्ही आत्ता माझ्यासमोर जेवलात. आता माझ्यासमोरच नोंद करा."

पैलवानाने सवयीने खिसे चाचपले. "फोन कुठे आहे माझ्याजवळ?"

"म्हणजे?"

"ड्युटीवर चढताना जमा करतो ना आम्ही. तिकडे खणात. बस चालवताना फोन नको म्हणून."

"आणि परत कधी मिळतो?"

"शेवटची फेरी आटोपली की. तेव्हा घर दिसत असतं हो ताई. जेवणाची नोंद कोण करतो?"

"मग सकाळपाळीचे लोक कशी करतात?"

"ते ड्युटीच्या आधी खातात. फोन हातातच असतो त्यांच्या."

ताई उठली आणि दारापाशी सूचनाफलक होता तिथे गेली. तिथे दोन सूचना शेजारी शेजारी लावल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, "ड्युटीवर जाताना फोन जमा करावा." दुसरीवर, "जेवताक्षणी ॲपमध्ये नोंद करावी." सगळा डेपो रोज त्या फलकासमोरून जात होता. ताई हसत सुटली. हसता हसता बाकावर बसली आणि साहेबांना बोलवा म्हणाली.

साहेबांनी दोन्ही सूचना मोठ्याने वाचल्या. मग खाली बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, दोन्हींवर सही माझीच की!"

"साहेब, चहा टाकू का?" मावशीने विचारलं. "साखर जरा जास्तच घालते."

साहेबही हसले. पण मग गंभीर झाले. "ताई, वर काय सांगायचं मी?"

"मी सांगते, तेच तर माझं काम आहे. सकाळचे आकडे खुशाल वापरा. संध्याकाळचे वापरू नका. ते शून्य नाहीच, ती न भरलेली जागा आहे. ॲपने आपल्या मनाने तिथे शून्य घातलं. आणि काट्याचे आकडे मी सोबत जोडतेय."

"मग स्वयंपाक?"

"तो बंद करायला मला तरी काही कारण सापडलं नाही. आणि फोन मधल्या सुट्टीत द्या हो ह्यांना."

मावशीने ताईसाठी ताट घेतलं आणि न विचारता त्यात भात वाढला. तिचे डोळे भरून आले होते, आणि माझ्या अंगावर मोजायला काही नसतानाही मला फार भरल्यासारखं वाटत होतं.

वरून उत्तर आलं आणि संध्याकाळचा स्वयंपाक राहिला. मधल्या सुट्टीत फोन हातात आले त्या पहिल्या दिवशी पैलवानाने आपला वाडगा आधी रिकामा, मग भरलेला माझ्यावर ठेवला आणि आकडा जसाच्या तसा फोनमध्ये घातला. फोन क्षणभर थांबला आणि त्याने विचारलं, "एवढं? नक्की ना?" साऱ्या कँटीनने एका सुरात ओरडून सांगितलं, "नक्की!" त्याचं पहिलं वजन मीच केलं होतं मित्रांनो, म्हणून मला फोनपेक्षा कमी आश्चर्य वाटलं.

आता मी पुन्हा वरच्या ओट्यावर असतो. फोन माझ्या शेजारीच पडलेले असतात आणि आमचं बरं जमतं. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला पुसून ठेवा आणि अधूनमधून त्याचीही परीक्षा घ्या. त्याला राग येत नाही.

आणखी एक मागणं आहे. माझी सुई शून्यावर असते, तेव्हा माझी परात खरोखर रिकामी असते. फोनमधलं शून्य तसं असेलच असं नाही. कधी कधी त्या वेळी त्या माणसाला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून कुणाच्या नावापुढे शून्य दिसलं, तर लगेच खरं मानू नका. त्याच्यापाशी जा आणि विचारा, "जेवलास का रे?"

मावशी रोज हेच विचारते. आणि उत्तर यायच्या आत तिचा डाव भरलेला असतो.