घरचा वाटा

बर्मेतने सहावी पिशवी मागच्या सीटवर कशीबशी कोंबली आणि दार दोनदा आपटून लावलं. एकदा आपटून ते कधी लागतच नसे.

"आता आणखी कुणी मेंढी कापली, तर मला टपावर बसवून न्या," ती म्हणाली.

तुर्दुबेकने हसून गाडी सुरू केली. फाटकात उभी असलेली त्याची बहीण एका हाताने डोळे पुसत दुसरा हलवत होती. चार दिवस नवराबायको इसिक-कुल सरोवराला रमतगमत वळसा घालत होती. जनावरांचा डॉक्टर म्हणून तो नुकताच निवृत्त झाला होता. घाई कशाचीच नव्हती. जर्दाळूची झाडं पिवळीजर्द झाली होती, शेतात बटाट्यांची पोती उभी होती आणि रस्त्याच्या कडेला सफरचंदांच्या बादल्या विकायला मांडल्या होत्या. व्याही झाले, सैन्यातला दोस्त झाला, आता बहीण झाली. घरोघरी पोट फुटेस्तोवर जेवण आणि निघताना हातात केशिक. पाहुण्याच्या ताटात उरलेलं मटण, कणकेची तळलेली बोरसोकं, मूठभर गोळ्या, सगळं बांधून द्यायचं, म्हणजे त्याच्या घरी मागे राहिलेल्यांच्याही तोंडात पडतं. तुर्दुबेकच्या घरी मागे कुणी राहिलंच नव्हतं. मुली कधीच्या सासरी गेल्या होत्या. पण केशिक नको म्हणायची कुणाची छाती आहे?

आता एकच घर उरलं होतं. वडिलांचं. रीतीप्रमाणे तिथे धाकटा भाऊ एसेन राहत होता, आणि नऊ वर्षांत तुर्दुबेकने त्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं.

चूक त्याचीच होती. आई गेल्याला वर्ष झालं, तेव्हाच्या जेवणाला एसेनने घोडा आणला होता. कापायच्या आधी तुर्दुबेकने साऱ्या गावादेखत त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आईसाठी असला हडकुळा घोडा?" डॉक्टरी जीभ ती, सवयीने बोलून गेली. एसेनने त्यावर चकार शब्द काढला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

"आडवळणं घेत बसू नका. गेल्या गेल्या सरळ माफी मागा," बर्मेत म्हणाली.

"मागेन की. त्याने तोंड उघडू दिलं तर."

फाटक एसेननेच उघडलं. दोन्ही हातांनी भावाचा हात धरला, तब्येत विचारली, मुलींची चौकशी केली. मग मेंढी आणून तुर्दुबेकसमोर उभी केली आणि आशीर्वादासाठी तळवे पसरले. पाहुण्याच्या आशीर्वादाशिवाय ती कापत नाहीत. घरात नेऊन त्याला दारासमोरच्या मानाच्या जागी, तीन गाद्यांवर बसवलं. लहानपणी याच खोलीत तो दाराशी, चुलीला पाठ लावून बसायचा.

उन्हं कलता कलता मटण शिजलं. मेंढीचं डोकं मानाने तुर्दुबेकपुढे आलं, वर "घ्या, घ्या" म्हणून आग्रह. कशातच कसूर नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यातून साहेब यावा आणि त्याचं करावं, तसं एसेन सगळं करत होता. अख्ख्या जेवणात एकदाही त्याने दादा म्हणून हाक मारली नाही. यापेक्षा फाटक तोंडावर लावून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं तुर्दुबेकला वाटलं. दोनदा त्याने घोड्याचा विषय काढून पाहिला. दोन्ही वेळा एसेनने त्याच्या वाटीत चहा ओतला आणि घाटातला रस्ता दुरुस्त झाला का, ते विचारलं.

शेवटी सगळ्यांनी चेहऱ्यावरून तळवे फिरवले आणि जेवण आटोपलं. एसेनच्या बायकोने, झिल्दीजने, उरलेलं मटण पिशवीत भरून गाठ मारली आणि पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली.

"तुमचं केशिक. घरी न्या."

तुर्दुबेकने ती घेतली नाही. उठला, जोडे पायात सरकवले आणि बाहेर पडला. मागून बर्मेतने "अहो" म्हटलेलं त्याला ऐकू आलं. त्याने गाडीतून सहाही पिशव्या काढल्या, दोन्ही हातांनी कवेत घेतल्या आणि आत आला. तीन गाद्यांकडे न जाता दाराशी, चुलीजवळ बसला आणि पिशव्या भावासमोर ठेवल्या.

"वाटेत मिळालंय. घरच्यांसाठी आणलं."

त्याने सगळ्यात वरची पिशवी एसेनकडे सरकवली.

"तिकडे माझ्या घरी खाणारं कोण आहे, एसेन?" तो म्हणाला. "त्या दिवशी मी बोललो, ते चुकलं माझं. नऊ वर्षं मला त्याची लाज वाटतेय."

एसेन पुढे सरकला, एक पिशवी सोडली, बरगडीचा तुकडा काढला, उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि चावला.

"कुणाकडचं?"

"ताईकडचं."

"हडकुळी होती मेंढी," एसेन चावता चावता म्हणाला.

तुर्दुबेकने मान खाली घातली. "होती खरी."

एसेनने आणखी एक तुकडा काढून त्याच्या हातात ठेवला. झिल्दीज अजून पिशवी धरून तशीच उभी होती.

"ते ओत परत पातेल्यात," एसेन तिला म्हणाला. "दादाला कसलं आलंय केशिक? सकाळी खाऊ सगळे."

झिल्दीज गाठ सोडू लागली. ती फारच घट्ट बसली होती, म्हणून बर्मेत मदतीला उठली.