ओझेलाच्या घरची टाचणी

मित्रांनो, मी एक जुनी टाचणी आहे. बोटभर लांब, डोक्यावर खोटा मोती आणि वयामुळे कमरेत थोडा बाक. अमेरिकेत, जॉर्जियात राहणाऱ्या टॉलिव्हर घराण्यातल्या बायका मी फार जवळून पाहिल्या. जवळून म्हणजे किती, तर मध्ये फक्त कापड.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एका पुठ्ठ्यावर आम्ही बारा बहिणी ओळीने टोचलेल्या होतो. ओझेला टॉलिव्हरने आम्हाला घेतलं ते टोपीमुळे. गावातल्या गोऱ्यांच्या दुकानात काळ्या बायकांना टोपी डोक्यावर घालून पाहू देत नसत. नजरेने माप घ्यायचं आणि नशिबावर विकत घ्यायची. ओझेलाची नजर चांगली होती, नशीब मात्र एक माप मोठं निघालं. ईस्टरच्या प्रार्थनेत टोपी नाकावर उतरू नये म्हणून माझी नेमणूक झाली. त्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांनी टोपीची स्तुती केली, माझी कोणीच नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. टाचणी लोकांना दिसली, तर तिचं काम कुठेतरी चुकलंय असं समजावं.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, मातृदिनाला, मात्र माझा मान मोठा. त्या दिवशी प्रत्येकाच्या छातीवर फूल हवं. आई जिवंत असेल तर लाल, गेली असेल तर पांढरं. फुलाशिवाय आलेला माणूस म्हणजे आईला विसरलेला. आणि आई जिवंत असताना पांढरं लावणं म्हणजे तिला आपल्या हाताने मातीत लोटणं. सिस्टर यूला (चर्चमध्ये बायका एकमेकींना सिस्टरच म्हणत) चर्चच्या दारात उभी राहून एकेकाची छाती तपासायची. कोणाची आई कधी गेली, हे तिला रेव्हरंडच्याही आधी ठाऊक असायचं.

ओझेलाला दोन मुली. थोरली व्हर्नेल शांत, शिवणात हुशार. धाकटी क्लोटील सुईहून तिखट. व्हर्नेल सोळाची असताना तिला दिवस गेले. ज्याच्यामुळे गेले, तो पत्ता न ठेवता उत्तरेला निघून गेला. मग मावशी आजारी असल्याचं गावाला सांगून व्हर्नेलची रवानगी सव्हाना शहरात झाली. इकडे ओझेलाने एक लहान उशी पोटाशी धरली, आतल्या कपड्याला मला टोचून ती पक्की केली आणि वर सैल झगा घातला.

चार महिने ती उशी मी सांभाळली.

"मुलगाच आहे गं, ओझेला," सिस्टर यूला म्हणायची. "पोट बघ कसं टोकदार आलंय."

"देव देईल ते."

"लाथा मारतो का?"

"छे! फार गरीब आहे. ठेवलं तिथून हलत नाही."

मग ओझेला सव्हानाला गेली आणि लविनियाला, म्हणजे आमच्या व्हिनीला, कुशीत घेऊन परतली. मागून व्हर्नेल आली, ती बाळाची 'ताई' म्हणून. तिच्या छातीला ओझेलाने जुन्या चादरीची पट्टी घट्ट बांधली, दूध आटावं म्हणून. त्या पट्टीचं टोक मी धरलं होतं. आतल्या खोलीत बाळ रडलं की पट्टी ओली व्हायची. मित्रांनो, एवढं जड काम मला पुन्हा कधी पडलं नाही.

"बोलायचं नाही. मी असताना नाही, मी गेल्यावरही नाही," ओझेलाने लेकीकडून वचन घेतलं. कठोर बाई नव्हती ती. पोरीला गावाच्या जिभेपासून वाचवायचं, एवढंच तिला कळत होतं.

एकोणीस वर्षं गेली. व्हिनीचे फ्रॉक व्हर्नेलने शिवले, वेण्या व्हर्नेलने घातल्या, गोवरात उशाशी व्हर्नेल बसली. मातृदिनाला ओझेला तिघींनाही लाल फूल लावायची. व्हर्नेल त्यातल्या एका फुलाकडे जरा जास्त वेळ बघायची.

मग एका फेब्रुवारीत ओझेला गेली, आणि मे आला.

त्या सकाळी क्लोटीलने तीन पांढरे गुलाब स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवले. व्हर्नेलने स्वतःला एक लावला, क्लोटीलला एक. तिसरा आणि मी तिच्या हातात होतो. व्हिनी समोर उभी राहिली. व्हर्नेलचा हात तिच्या झग्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"ताई, लाव ना. उशीर होतोय."

"तू... तू नको लावूस फूल."

"का? मी ममाची मुलगी नाही?"

"तसं नाही गं."

"मग कसं? तुम्ही दोघी तिच्या, आणि मी दारात सापडलेली? बिनफुलाची जाऊ? यूलाबाई काय म्हणेल?"

व्हर्नेलच्या एका बाजूला वचन आणि लेक दुसऱ्या बाजूला. तेवढ्यात क्लोटील म्हणाली, "कुंपणावरचं लाल तोड तिच्यासाठी."

"क्लोटील!"

"क्लोटील काय? अकरा वर्षांची होते मी, आंधळी नव्हते. माझ्या बिछान्यातली उशी चार महिने कुठे गेली होती, ते मला कळलं नाही वाटतं? मान धरली होती माझी!"

व्हर्नेल खुर्चीत बसली आणि तिने सगळं सांगितलं. चुलीवरची मक्याची लापशी करपली, कोणी उठलं नाही. शेवटी व्हिनीने तोंड पुसलं आणि तो पांढरा गुलाब उचलला.

"मला निजवलं तिने. मारलं तिने, भरवलं तिने. माझी आई फेब्रुवारीत गेली. लाव."

"व्हिनी..."

"तूच लाव."

व्हर्नेल उठली. जिवंतपणीच स्वतःच्या मरणाचं पांढरं फूल तिने लेकीच्या छातीवर लावलं, आणि मला तिला टोचू दिलं नाही. दारात यूलाबाईने तिन्ही पांढरी फुलं पाहून मान डोलावली. सगळं रीतीप्रमाणे होतं.

पुढे व्हिनी डेट्रॉइटला नोकरीला गेली. पत्रं यायची ती क्लोटीलच्या नावाने. शेवटी एकच ओळ असायची, 'ताईला विचारलंय म्हणून सांग.' मी डब्यात पडून गंजले. दोन मातृदिन झाले, व्हर्नेलने मला बाहेर काढलं नाही.

तिसऱ्या वर्षी, मातृदिनाच्या आदल्या दिवशीच्या बसने व्हिनी आली. कडेवर तिची चार महिन्यांची मुलगी.

"रात्रभर रडते," ती क्लोटीलला म्हणाली. "हिला कोणी माझ्याकडून घेतलं असतं तर..."

रविवारी सकाळी तिने बाळ व्हर्नेलच्या मांडीवर ठेवलं, कुंपणाशी जाऊन लाल गुलाब तोडला आणि डब्यातून मला काढून झग्याच्या टोकाने माझा गंज पुसला.

"ताई," ती म्हणाली, "लाव."

"लोक विचारतील."

"विचारू देत. यूलाबाईला मी सांगते, तू फक्त माझ्याशेजारी बस."

हाक ताईचीच राहिली. इतक्या वर्षांची जीभ एका दिवसात वळत नाही. पण फूल लाल होतं, आणि ते लावताना व्हर्नेलने मला नीट धरलंच नाही. दोनदा खाली पडले मी.

मित्रांनो, जुनी टाचणी फेकून दिलीत तरी चालेल. पण तुमच्या घरात दुसऱ्याच कुठल्या नावाने हाक मारून घेणारी, तुमच्यासाठी गप्प राहिलेली एखादी बाई असेल, तर तिच्यासाठी लाल फूल आजच तोडा. पांढरं लावायला उभा जन्म पडलाय.