पटाची पाठ

हेमंतातले मलूल, मेणवर्णी ऊन ब्रसेल्स नगरीच्या उतरत्या छपरांवरून ओघळत होते. कालव्यावर धुके, धुक्यावर घंटानाद, आणि त्या नादाखाली योस विणकराचा आडवा माग. लोकरीचा, रेशमाचा, सोनतारेचा.

तीन वर्षे तो एकच भित्तिपट विणत होता, कुणा सरदाराच्या किल्ल्यासाठी. अशा मागावर विणकराला दिसते ती पटाची पाठ. दर्शनी बाजू खाली, अंधारात. धाग्यांखाली अंथरलेले चित्र चित्रकार मुळातच उलटे रंगवून देतो, म्हणजे पटावर सारे सुलट उमटते. डाव्या-उजव्याची चिंता विणकराने कधी करायचीच नसते.

पण एका देवदूताचे मुख योसने त्या चित्रातून घेतले नाही. ते घेतले स्मरणातून. माइके, त्याची नऊ वर्षांची लेक, गुलाबगौर, रेशीमकेशी, डाव्या गालावर एकच खळी. प्लेगने ती नेली. आणि आता तिची आई लिस्बेट रोज रडे, कारण लेकीचा चेहरा तिला आठवेनासा झाला होता. "तुला तो परत आणून देतो," योसने तिला वचन दिले होते.

पट मागावरून उतरला, अंगणातल्या वाशावर टांगला गेला. नीलवर्णी अरण्य उजळले, केशरी पंख उजळले. लिस्बेट अधीर पावलांनी पुढे आली. तिने देवदूताच्या गालाकडे हात नेला आणि मध्येच थांबवला.

"अहो, ही कोण?"

योसने पाहिले. खळी उजव्या गालावर होती. भांग उलटा, ओठांची मुरड उलटी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! जन्म मागावर गेला, आणि या एकाच चेहऱ्यापाशी, जिथे चित्रकार नव्हता, तिथे उलटे विणायचे तो पार विसरला.

"चुकलो गं. समोर दिसेल तसा विणत गेलो."

लिस्बेट पटामागे गेली. तिथे गाठी, सुटे धागे, लोंबती टोके. आणि त्या जंजाळातून, डाव्या गालावर खळी पाडून, माइके हसत होती. आईने त्या गाठींना गाल लावला.

"आहेस गं बाई, आहेस."

दाराशी सरदाराची गाडी येऊन थांबली. किल्ल्यातली जागा ठरलेली होती, उत्तरेची भिंत, ओली, पाषाणी, थंडगार. दालनात बसलेल्यांना एक अनोळखी देवदूत दिसत राहील. माइके मात्र दगडाकडे तोंड करून हसेल, हिवाळ्यामागून हिवाळे, हिवाळ्यामागून हिवाळे.