दसऱ्याच्या दिवशी मला सुट्टी होती

मित्रांनो, मी एक जुना ड्रोन आहे. जुना म्हटल्यावर हसू नका. आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे म्हातारपणच. माझी दोन पाती बदललेली आहेत, पोटावर चरे पडलेत आणि एक पाय फेव्हिक्विकने चिकटवलेला आहे. एरवी मी माझी गोष्ट चांगली ऐटीत सांगितली असती, कारण मी थोडा फुशारकी मारणाराच आहे. पण आज माझा जीव थाऱ्यावर नाही. अनुजाचा उजवा डोळा वाचणार की जाणार, हे अजून ठरायचं आहे आणि त्या डोळ्याला मार बसला तो माझा. तेव्हा सांगताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. मी डोळे उघडले ते लालबागमधल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. समोर सुशांतचा चेहरा होता, अगदी हरखून गेलेला. सुशांत लग्नांचे, वाढदिवसांचे आणि मंडळांच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ करतो. घरात त्याची आई मीराबाई, धाकटी बहीण अनुजा आणि आजोबा गुणाजी. आजोबांना सगळे आबा म्हणतात. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येणारे.

आबांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उलटंपालटं करून विचारलं, "ह्याका तेल खय घालतत?"

"आबा, याला तेल लागत नाही. बॅटरीवर चालतो," सुशांत म्हणाला.

"तेल नाय, मगे टिकतलो कसो?" आबांनी मान हलवली. आबांनी उभं आयुष्य कापड गिरणीत साच्यावर काढलं. साचा म्हणजे कापड विणायचा माग. ज्या यंत्राला तेल लागत नाही त्याच्यावर त्यांचा भरवसा बसेना. पण माझ्यावर त्यांचा जीव जडला. मी काम करून आलो की ते मला स्वतःच्या जुन्या बनियनने पुसत. गिरणीतून आल्यावर माणूस हातपाय धुतो तसं मलाही स्वच्छ व्हायला हवं, असं त्यांचं मत.

माझ्या पुढच्या बाजूला दोन बारीक काळी भिंगं आहेत. त्यांना सेन्सर म्हणतात. कॅमेरा वेगळा, तो खाली लटकलेला असतो. ही दोन भिंगं म्हणजे माझे चालण्याचे डोळे. भिंत आली, झाड आलं, माणूस आला की मला आधी दिसतं आणि मी आपला आपण थांबतो. आता एक गोष्ट नीट ऐका. माझ्या रिमोटवर एक छोटा स्विच आहे. तो पुढे सरकवला की स्पोर्ट मोड लागतो. तेव्हा मी वाऱ्यासारखा सुटतो, पण त्याच क्षणी माझे हे दोन डोळे बंद होतात. समोर काय आहे ते मला कळत नाही. रिमोटवरची बोटं सोडली तर एरवी मी जागच्या जागी उभा राहतो. स्पोर्टमध्ये असताना बोटं सोडली तरी मी आमच्या चाळीच्या लांबीएवढा पुढे घसरत जातो आणि मग थांबतो. बॅटरीही भराभर संपते. हे सगळं सुशांतला ठाऊक होतं. एकदा शिवडीला तो फ्लेमिंगोंचे थवे टिपायला गेला होता. लांबून हं, पक्ष्यांना त्रास नको म्हणून. परतताना समोरून जोराचा वारा आला. लवकर यावं म्हणून त्याने मला स्पोर्टवर टाकलं आणि वाऱ्याशी झुंजताना माझी बॅटरीच बसली. मी एका गोदामाच्या पत्र्यावर धपकन पडलो. पाय मोडला तो तिथेच. त्या दिवशी सुशांतने कान पकडले होते. मला वाटलं, सुटलो.

पुढची वर्षं बरी गेली. मी माहीमच्या कोळीवाड्यातल्या हळदी पाहिल्या, गिरगावातली शोभायात्रा पाहिली. लोक वर बघून हात हलवत. मीही मनातल्या मनात हलवत असे. अनुजा मात्र मला चिडवायची. "हा बघा मच्छर आला," म्हणायची. ती मंडळाच्या ढोलपथकात ताशा वाजवते. रोज पहाटे उठून शिवाजी पार्कला धावायला जाते, कारण तिला पोलीस व्हायचं आहे. भरतीचं ग्राउंड ती पास झाली होती, लेखीही झाली. राहिली होती फक्त मेडिकल. चाळीत तिला आतापासूनच लोक गमतीने सलाम ठोकत. तिलाही ते आवडायचं, पण ती रागावल्याचं दाखवायची.

मग दसरा आला.

गिरणगावात दसऱ्याला यंत्राची पूजा करतात. आबांच्या गिरणीत म्हणे त्या दिवशी प्रत्येक साच्याला झेंडूचा हार असायचा, आणि पूजा झाली की पट्टा फिरायचा नाही. यंत्रालाही वर्षातून एक दिवस सुट्टी. गिरण्या गेल्या, पण आबांचा नेम सुटला नाही. त्यांनी सकाळी आंघोळ करून पाट मांडला. त्यावर मीराबाईंची शिलाई मशीन, सुशांतचे कॅमेरे, अनुजाच्या ताशाच्या काड्या आणि मी. मला हार घातला. कॅमेऱ्याच्या काचेला लावू नका, असं सुशांतने बजावलं होतं. म्हणून आबांनी कुंकू कालवून माझ्या त्या दोन भिंगांवर एकेक ठसठशीत बोट टेकवलं.

"डोळे आसत ते. पयलो मान डोळ्यांचो," ते म्हणाले. "आज तेका हात लावू नको हां सुशांत. आणि ता कुंकू पुसू नको. उद्या सकाळी मीच पुसतलंय."

"हो आबा," सुशांत म्हणाला.

मित्रांनो, मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. वर्षातून तेवढा एकच दिवस कोणी मला म्हणायचं, आज पडून राहा.

दुपारी मंडळाचा राकेश धावत आला. संध्याकाळी देवीची विसर्जन मिरवणूक होती आणि ज्याचा ड्रोन ठरला होता तो ऐनवेळी आलाच नव्हता. "सुशांत, तूच आता वाचव भावा. परवानगी आहे आपल्याकडे. फक्त गेटवरचा शॉट दे." सुशांतने आबांकडे पाहिलं. आबा जेवून पडले होते. मग त्याने एक तोडगा काढला. हार काढला, पण कुंकू तसंच ठेवलं. आबांचा अर्धा शब्द तरी पाळल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. दोन्हीतलं एक काहीतरी कर रे बाबा, असं मी किती ओरडलो! कुंकू पूस, नाहीतर मला घरी ठेव. पण माझी ओरड कोणाला ऐकू येणार?

मिरवणूक निघाली. देवी चाळीच्या गेटपाशी आली की सगळ्या गॅलऱ्यांतून फुलं पडतात, तोच शॉट हवा होता. मी उडालो आणि समोर सगळं लाल दिसायला लागलं. लालच्या पलीकडे काही नाही. मला वाटलं पुढे भिंत आहे. मी थांबलो. सुशांतने पुढे ढकललं, मी पुन्हा थांबलो. रिमोट पिपाण्या वाजवत सुटला.

"अरे शॉट चालला ना! कर काहीतरी!" राकेश ओरडला. फुलं पडायला लागली होती.

आणि सुशांतने स्विच पुढे सरकवला.

एका क्षणात मी सुटलो. शॉटसाठी मी खाली होतो, फार खाली, जेमतेम माणसांच्या डोक्यांएवढ्या उंचीवर. समोर ढोलपथक होतं. सुशांतच्या ध्यानात आलं आणि त्याने दोन्ही बोटं सोडली. तो नॉर्मल मोडच्या सवयीने थांबला होता, मी थांबलो नव्हतो. मी उलटा जोर लावला, पाती किंचाळायला लागली, सगळं अंग मागे ओढलं. थांबता येईना. अनुजा मान खाली घालून ताशा वाजवत होती. माझा आवाज ऐकून तिने तोंड वर केलं. वर करायला नको होतं गं. मान खाली असती तर केसांवर निभावलं असतं.

पात्याने तिची भुवई फाडली आणि माझं कडक अंग तिच्या डोळ्यावर आदळलं. ताशा थांबला, मग एकेक ढोल थांबला. मी रस्त्यावर उताणा पडलो होतो. सुशांत गर्दीतून धावत आला आणि माझ्यावरून उडी टाकून तिच्याकडे गेला.

परळच्या हॉस्पिटलात भुवईला टाके पडले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याला आतून मार बसलाय, सध्या दिसतंय ते नशीब. पण त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके नाचले किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखा वाटला, तर असाल तसे उठून यायचं. आतला पडदा सुटला तर उशीर झालेला चालत नाही. मीराबाईंनी हे घरी येऊन आबांना शब्दन् शब्द सांगितलं. मी कपाटावर होतो, मीही ऐकलं.

त्या दिवसापासून आबा आणि सुशांत एकमेकांशी बोलेनासे झाले. सुशांतला वाटे, आबांचा शब्द मोडला म्हणून ते तोंड बघत नाहीत. आबांना वाटे, आपल्या कुंकवानेच पोरीचा घात केला. ते मला पुसायलाही येईनात. नुसते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. दिवाळी आली, कंदील लागला, पण घरात कोणी मोकळेपणाने हसलं नाही. अनुजा तेवढी सगळ्यांना सांगत फिरायची, "दिसतंय मला नीट. काय सुतक पाळताय?"

सोमवारी तिचं मेडिकल आहे. आज शनिवार.

दुपारी मीराबाई बाजारात गेल्या. सुशांत बाहेर होता. आबा झोपलेत असं समजून अनुजाने मला कपाटावरून खाली काढलं. मला समोर धरलं आणि डावा डोळा हाताने झाकला. मग नजर समोरच ठेवून मला हळूहळू उजवीकडे नेलं. थोडं गेल्यावर मी तिला दिसेनासा झालो. पुन्हा मधे आणलं, पुन्हा उजवीकडे नेलं. पुन्हा तेच.

"काळा पडदा येतोय," ती पुटपुटली. "कालपासून. सोमवारपर्यंत थांब ना रे. फक्त सोमवारपर्यंत."

अगं, तो थांबणार नाही! ऊठ, आत्ता जा! मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, आणि तिच्या हातात मी म्हणजे प्लास्टिकचा एक गप्प तुकडा होतो. तिने मला परत वर ठेवलं, डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

तेवढ्यात जिन्यावर सुशांतची पावलं वाजली. तो दारात आला आणि खाटेवरून आवाज आला.

"सुशांत, चपला काढू नको. आधी टॅक्सी बघ."

दसऱ्यानंतर आबा त्याच्याशी पहिल्यांदा बोलले होते. सुशांतने विचारलं, "काय झालं आबा?"

"अनुजाच्या डोळ्यार पडदो इलोहा. कालपासून. आताच बोलली ती."

"आबा, काय पण काय!" अनुजा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मला काही झालेलं नाही. सोमवारी मेडिकल आहे माझं. आज ऑपरेशन केलं तर सगळं गेलं, कळतंय का तुम्हाला?"

"मेडिकल फिरून येतला गो. डोळो येवचो नाय."

सुशांत पुढे आला तशी तिने त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. "तुझ्यामुळे! एका शॉटसाठी!" इतके दिवस ती एकदाही असं बोलली नव्हती.

"हो. माझ्यामुळेच," सुशांत म्हणाला. तोही रडत होता. "नंतर मार मला. आत्ता चल." आणि त्याने तिला हाताला धरून खाली नेलं.

आबांना जिना झेपत नाही, म्हणून ते मागे राहिलेत. मीराबाई बाजारातून परस्पर हॉस्पिटलात गेल्या. मघाशी त्यांचा फोन आला होता, अनुजाला आत घेतलंय म्हणून. वेळेत आणलंत का, हे ऑपरेशन करून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून खोलीत आम्ही दोघेच आहोत. आबा फोन मांडीवर घेऊन बसलेत आणि मी कपाटावरून त्यांच्याकडे बघतोय.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या हातात माझ्यासारखा कोणी आला, तर त्याला प्रेमाने वागवा. त्याचे डोळे स्वच्छ ठेवा, त्याला विश्रांती द्या. आणि आसपास एक जरी माणूस असेल ना, तरी तो स्विच पुढे सरकवू नका. शॉट चुकला तर चुकू द्या. आम्हाला कितीही वाटलं तरी त्या वेगात आम्हाला थांबता येत नाही हो! मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत.

फोन वाजतोय. मीराबाईंचाच आहे, स्क्रीनवर त्यांचा फोटो दिसतोय. आबांचं बोट हिरव्या बटणापर्यंत जातंय आणि मागे येतंय. पुन्हा जातंय, पुन्हा मागे येतंय.

आबा, उचला ना.