काचेच्या कपाटातली बाटली

मी एक जुनी, पोचा पडलेली स्टीलची बाटली आहे. मित्रांनो, आज मी वर्गात मोकळी आहे. पण काही काळ मी कैदेत होते. ही तेव्हाची हकिगत.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी आरशासारखी लखलखीत होते. आधी थोरल्या भावाने मला वापरले, मग मी त्याच्या धाकट्या बहिणीकडे आले. तिच्या दुसरीच्या वर्गात शिस्त पक्की. दप्तरे बाकाखाली, बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने, आणि प्रत्येक वस्तूवर नाव. माझी नावाची चिठ्ठी मात्र धुताना निघून गेली होती. एका संध्याकाळी मुलगी मला कट्ट्यावरच विसरली आणि सफाईवाल्या मावशींनी मला वर्गातल्याच, हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात ठेवले. काचेचे दार, त्याला कुलूप.

सकाळी मुलगी धावत आली. "बाई, ती माझी आहे!"

"असेलही. पण नाव कुठंय? आईबाबांपैकी कुणाला तरी घेऊन ये."

बाई रागावल्या नव्हत्या. मागे एकाच टोपीवर दोघांनी हक्क सांगितला होता, तेव्हापासून हा नियम होता. पण मुलीचे वडील परगावी कामाला. आई बसची वाहक. तिची पाळी शाळेआधी सुरू होई आणि शाळा सुटल्यावर संपे.

माझ्या पोटात अर्धे पाणी तसेच राहिले. मधल्या सुट्टीत मुलगी काचेला नाक लावून उभी राही, मग नळावर जाऊन ओंजळीने पाणी पिई. बाह्या कोपरापर्यंत भिजत.

"आली बघा कैद्याला भेटायला!" मुले ओरडत.

मग ती येईनाशी झाली. नळावरही जाईना. तिचे सुकलेले ओठ मला काचेतून दिसत. मला हाक मारावीशी वाटे. पण माझे झाकण घट्ट होते.

अखेर पाळी बदलून आई आली. अंगावर गणवेश, खांद्याला तिकिटांची पिशवी.

"बाई, हा पोचा माझ्याच हातचा. बसच्या पायरीवर आपटली होती. आणि बुडाला बघा, थोरल्यानं खिळ्यानं मासा कोरलाय."

बाईंनी कुलूप उघडून मला बाहेर काढले आणि उलटे केले. मासा होता.

"अगं, मग हे सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नावच विचारलंत," मुलगी पुटपुटली.

आईने झाकण पिळून उघडले. कुबट वास पसरला. पोरांनी नाके धरली. बाई मात्र मुलीच्या ओठांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कपाटाचे कुलूप कायमचे काढले आणि टेबलाच्या खणात टाकले.

आता माझ्यावर ठसठशीत नाव आहे. मित्रांनो, तुमच्याही वस्तूंवर नाव घाला. पालकांनो, उशीर झाला तरी या. त्या कपाटात एका डब्याचे निळे झाकण अजून बसून आहे. कट्ट्यावरून मी त्याला रोज बघते. दार उघडे आहे. पण झाकणाला पाय नाहीत. तुमचे तर नाही ना ते? जरा जाऊन बघा.